धुळाबांची मुलाखत

“वरनं वारं येतंय, तेवढं बंद करा,” धुळाबा म्हणाले.

स्टुडिओच्या छताला थंड हवेची जाळी होती. तिच्यातून येणारी हवा इतकी मंद, की टेबलावरचा कागदही हलत नसे. तरी धुळाबांनी खांद्यावरचं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं होतं आणि जाळीकडे पाठ करून, मान आत घेऊन ते बसले होते. मी काचेपलीकडच्या गफूरभाईंना खूण केली. यंत्राची घरघर थांबली.

“आता बरं वाटतंय?”

“हां. आता बरं.”

ही त्र्याऐंशी सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते. केंद्राला गरज असेल तेव्हा बोलावणार, नसेल तेव्हा घरी बसायचं. पण ‘माळावरची गाणी’ हा कार्यक्रम माझ्याकडे होता आणि तो मी जिवापाड सांभाळत होते. दर गुरुवारी दुपारी साडेबाराला तो लागायचा. हलगी वाजवणारे, घोंगडी विणणारे सनगर, जात्यावर गाणाऱ्या म्हाताऱ्या, देवीच्या जोगतिणी, अशा माणसांना मी केंद्रावर बोलवायचे, बोलतं करायचे आणि त्यांची कला लोकांना ऐकवायचे.

धुळाबा पुकळे आटपाडीकडच्या एका धनगरवस्तीतले. ओवी सांगण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. धनगरांची ओवी म्हणजे ढोलाच्या ठेक्यावर एकानं गात सांगायची आणि बाकीच्यांनी मागून झेलत न्यायची लांबलचक कथा. ती ऐकायला जत्रेत माणसं गाड्या जुंपून यायची. धुळाबांची मुलाखत खरं तर पुढच्या आठवड्यात ठरली होती. बरोबर ढोल आणि झेलणारे चौघं येणार होते. पण त्या गुरुवारी सकाळी मी केंद्रावर पोचले, तर फाटकाच्या आत भिंतीला टेकून ते एकटेच बसलेले.

“धुळाबा, तुमचं पुढच्या गुरुवारी आहे की.”

“ठावं हाय. आजच घ्या.”

“आणि तुमची मंडळी? ढोल?”

“त्यास्नी कामं हायती. म्या एकला म्हनतो.”

डोळे तांबारलेले होते, आवाज बसला होता. रात्र एसटीत आणि स्टँडवर काढली असणार, असं मला वाटलं. चहा मागवते म्हटलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. स्टुडिओ सकाळी मोकळा होता. माणूस इतक्या लांबून आलाय, त्याला परत कसं पाठवायचं? मी गफूरभाईंना विचारलं. ते म्हणाले, “आणा आत. ढोल नसला तर नसला. बोलणं तर घेऊ.”

तर असे आम्ही बसलो होतो. मी नेहमीसारखी सुरुवात केली.

“धुळाबा, ओवी कुणाकडून शिकलात?”

“शिकलो न्हाई. बाच्या मागनं चालत व्हतो. म्होरं मेंढरं, मागं बा, बाच्या मागं म्या. बा गायचा ते कानात पडायचं. मेंढरू चराय थांबलं की बा थांबायचा, चाललं की पुन्ना गायचा. म्हनून तर आमच्या ओवीला चाल पायाची हाय. बसून गानाऱ्याला ती यायची न्हाई.”

“आणि तुमच्यामागं कोण चालतं आता?”

“म्हाळू. माझं पोरगं.” ते थोडं पुढं सरकले. “दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकनात जात्यात. हितं माळाला काय ऱ्हात न्हाई खायाला. यंदा माझं गुडघं चालंनात, म्हनून म्या मागं ऱ्हायलो. म्हाळू गेला, त्याची बायकू सोनाबाई गेली, त्यांची पोरगी गेली. मायाक्का. साताची हाय.”

“म्हणजे आत्ता ते वाटेवर असतील.”

“घाटमाथ्याला असतील. कुंभार्लीच्या अलीकडं. घोडीच्या पाठीवर सारा संसार, त्याच्यात रेडिव. दुपारी मेंढरं सावलीला बसली की म्हाळू रेडिव लावतो. तुमचं ह्ये माळावरचं लागलं की मायाक्का नाचती. तुमचा आवाज वळकती ती.”

मला फार बरं वाटलं. रेडिओवर बोलणाऱ्याला समोर भिंतच दिसते. घाटमाथ्यावर कुठंतरी सात वर्षांची पोर माझ्या आवाजावर नाचते, हे ऐकून मी हसले आणि म्हटलं, “मग मायाक्कासाठी एक ओवी होऊन जाऊ दे.”

माइककडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, “आता म्या बोलीन ते त्यास्नी ऐकू जाईल न्हवं?”

“आत्ता लगेच नाही. आत्ता आपण टेपवर घेतोय. तीन-चार आठवड्यांनी लागेल. तारीख ठरली की मी कळवीन तुम्हाला.”

“आता न्हाई?”

“नाही.”

“म्हंजी ह्ये जे बोललो ते कुनालाच गेलं न्हाई?”

त्यांचा चेहरा असा झाला, की माझं हसू विरलं. मी म्हटलं, “त्याचं काय एवढं? कोकणात का असेनात, ऐकतील की.”

“घाट उतरला की तुमचं केंद्र लागत न्हाई. नुसती खरखर येती. म्हाळूच म्हनला व्हता. आज न्हाईतर उद्याच्याला उतरतील ती.” त्यांचा श्वास मोठ्यानं व्हायला लागला. “आजच लावा बाई. आता दुपारच्याला लावा.”

आवाज आणखीच घोगरा झाला होता. मी टेबलावरच्या तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढं केलं.

“आधी दोन घोट घ्या. मग बोलू.”

पुढं जे झालं ते इतकं अचानक झालं, की मी जागची हलूही शकले नाही. फुलपात्र जवळ येताच धुळाबांचा गळा आवळल्यासारखा झाला. मान मागं गेली, छाती वर उचलली गेली, तोंडातून भुंकल्यासारखा एक आवाज आला. त्यांनी दोन्ही हातांनी पाणी दूर ढकललं. ते टेबलावर सांडलं. सांडलेल्या पाण्याकडेही त्यांना बघवत नव्हतं. घोंगडं तोंडावर घेऊन ते थरथरत राहिले.

दार उघडून गफूरभाई आत आले. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. तीन वर्षांत त्यांनी मला कधी असा स्पर्श केला नव्हता.

“ताई, पुन्हा जवळ जाऊ नका.”

“काय झालंय त्यांना?”

“माझा चुलता असाच गेला. वारा नको, पाणी नको.” त्यांचा चेहरा उतरला होता. “कुत्रं चावलंय त्यांना. पिसाळलेलं.”

मी काचेतून बघितलं. धुळाबांनी घोंगडं खाली घेतलं होतं. उबळ ओसरली होती आणि ते पूर्ण शुद्धीवर, आमच्याकडेच बघत होते. आम्ही काय बोलतोय ते त्यांना कळलं होतं. मी परत आत गेले. गफूरभाई दारात उभे राहिले.

“त्यांनी वळकलं न्हवं?” धुळाबा म्हणाले.

“हो.”

“काल सकाळी च्या गिळंना, तवाच मला कळलं. आमच्या वस्तीवर एक जन असा मेलेला हाय. शेवटाला खांबाला बांधला व्हता. म्हनून कुनाला न सांगता गाडी धरली. कळलं असतं तर मलाबी बांधलं असतं. मग हितं कोन येनार?”

“पण कुत्रं कधी चावलं?”

“दिवाळीच्या आदी. आमचंच. काळ्या. मेंढरावरचं कुत्रं, दहा वरसं संगं हिंडलेलं. एका सांजंला अंगावर आलं. माझ्या हाताला धरलं. मायाक्का सोडवाय आली, तिच्या पायाला दात लागला.” त्यांनी मनगट पुढं केलं. जखम कधीच भरून आलेली, नुसता पांढरट व्रण होता. “दुसऱ्या-तिसऱ्या दिशी काळ्या मेला. कोल्ह्यासाठी कुनी इख टाकलं असंल, ते खाल्लं म्हनालो. जानत्याकडनं मुळी आनली, गुळातनं दोघांनी खाल्ली. भरून आलं, इसरून गेलो.”

मग ते थांबले. गिळता येत नव्हतं म्हणून धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

“माझं झालं ते झालं. पोरीला अजून काय झालं नसंल. तिला पोटातल्या सुया द्याय पायजेत, बाई. काळ्या पिसाळला व्हता ह्ये म्हाळूला ठावंच न्हाई.”

घड्याळात साडेबाराला तासभरही उरला नव्हता.

त्या दिवशी केंद्राचे संचालक बाहेरगावी होते. कामाची सूत्रं कार्यक्रम अधिकारी इनामदार यांच्याकडे होती. पन्नाशीचे, शिस्तीचे, सावकाश बोलणारे. मी धावत त्यांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आधी सरकारी दवाखान्याला फोन लावला, मग पोलीस मुख्यालयाला. घाटातल्या चौकीला बिनतारी संदेश द्यायची विनंती केली. फोन ठेवून ते म्हणाले, “ते म्हणतात, रोज पन्नास कळप घाट उतरतायत. सगळ्यांच्या डोक्याला लाल पागोटं. त्यात पुकळे कोण ते कसं हुडकायचं? तरी बघतो म्हणाले. आपण सूचना देऊ. तुम्ही लिहा, मी बघतो, साडेबाराला वाचून टाका.”

“धुळाबांना बोलू द्या, साहेब.”

“थेट प्रसारणात? आजारी माणसाला? त्याला मध्येच काही झालं तर? सगळा जिल्हा ऐकतोय.”

“सूचना लागली की लोक बटण फिरवतात.”

“तुमचा आवाज ओळखतात ना ते? मग तुम्ही वाचा.”

मी परत येऊन धुळाबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“म्हाळू थांबायचा न्हाई. सरकारी बोलनं लागलं की त्यो रेडिव मिटवतो, शेल उतरत्यात म्हनून. आन् थांबला तरी दुसऱ्याच्या बोलन्यावर मेंढरं सोडून जायाचा न्हाई. पोरगी धडधाकट हिंडतीया, पायाचं भरून आलंय. त्याला माझाच आवाज पायजे.”

मागं इनामदार येऊन उभे होते. मला ते कळलंही नव्हतं. त्यांनी धुळाबांना थेट विचारलं, “तुम्हाला गाता येईल?”

“यील.”

“आत्ता बोलतानाच तुमचा घसा धरतोय.”

“साहेब, दोन कडवी म्हनू द्या. मग कुठं न्यायचं तिकडं न्या मला. बांधा न्हाईतर काय करा.”

इनामदार गफूरभाईंकडे वळले. “गफूर, आज घोंगडीवाल्यांची टेप नाही लागणार,” ते म्हणाले. “थेट जोडा. काही झालं तर माझं नाव सांगा.” मग दाराबाहेर जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, “दवाखान्याची गाडी येईल. मी तिला फाटकात थांबवून धरतो.”

साडेबाराची वाट बघत आम्ही त्या बंद, कोंदट खोलीत बसलो. थंड हवा सुरू करता येत नव्हती. धुळाबांना घाम फुटला होता. मध्ये एकदा कुणीतरी बाहेरचं दार उघडलं, तेवढ्या झुळकेनंही त्यांचा गळा पुन्हा आवळला. ती उबळ गेल्यावर ते मला म्हणाले, “मला काय झालंय ते सांगायचं न्हाई.”

“का?”

“म्हाळूला कळलं तर समदं टाकून तो घराकडं पळत यील. पोरगी तशीच खांद्यावर. चार दिस वाटंत जातील, आन् आमच्या वस्तीवर कुठला आलाय दवाखाना. त्यानं घाटमाथ्यालाच थांबाय पायजे. म्या सुया घेतल्या, म्या बरा हाय, असंच म्हननार.”

“पण मग कुत्रं पिसाळलेलं होतं हे तुम्हाला कशावरून कळलं, असं त्याच्या मनात येईल की.”

त्यांनी डोळे मिटून विचार केला. “रेडकू म्हनतो. दारातल्या रेडकालाबी काळ्या चावला व्हता, ते पिसाळून मेलं.”

मला ते पटलं.

साडेबाराला काचेवरचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, “आज ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून आपण ओवी ऐकणार आहोत. धुळाबा पुकळे स्वतः इथं आहेत. घाटमाथ्यावर मेंढरं घेऊन गेलेल्या म्हाळू पुकळे यांनी आणि त्यांच्या आसपासच्या सगळ्यांनी ही ओवी कान देऊन ऐकावी.”

मी माइक त्यांच्याकडे सरकवला. धुळाबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं. एक तळवा कानावर ठेवला, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. मला वाटलं होतं, फाटका आवाज येईल. पण त्यांनी पोटातून असा खडा सूर लावला, की काचेपलीकडे गफूरभाईंचा हात बटणावर गेला, आवाज कमी करायला.

“ऐक रं म्हाळू, बा तुजा बोलतो जी,
काळ्या कुत्र्याचं खरं सांगतो जी.
इख खाऊन न्हाई मेला काळ्या आपला,
पिसाळला व्हता, न्हाई कुनी वळकिला जी.

दारातलं रेडकू त्यानं चाविलं,
भुकून भुकून रेडकू काल मेलं जी.
म्या धरली गाडी, शेहर गाठलं,
सुया टोचून घेतल्या, बरं वाटलं जी.”

ढोल नव्हता. ते पायानं जमिनीवर ठेका धरत होते. प्रत्येक ओळीनंतर त्यांना श्वास घ्यावा लागे आणि तो आत जाताना गळ्याच्या शिरा दोरासारख्या तटतटत. त्यांच्या बोटांची पकड माझ्या मनगटावर घट्ट होत चालली होती.

“मायाक्काच्या पायाला दात लागला,
म्हाळू, घाट उतरू नगंस, जा दवाखान्याला जी.
मेंढरं सोड रं, घोडी सोड…”

इथं ते अडले. तोंड उघडं, पण सूर निघेना. सगळं अंग ताठ झालं, नखं माझ्या मनगटात रुतली. मी दुसऱ्या हातानं माइक ओढून घेतला आणि बोलायला लागले. काय बोलले ते नीटसं आठवत नाही. म्हाळू, जिथं असाल तिथूनच मागं फिरा. घाटमाथ्यावर सरकारी दवाखाना आहे. पोरीला कुत्रं चावलंय एवढंच सांगा. पोटात चौदा इंजेक्शनं देतील. एकही चुकवू नका. जवळपास कुणी मेंढपाळ हे ऐकत असतील तर त्यांनी म्हाळू पुकळेंना गाठावं. असंच काहीतरी, दोन-दोनदा. माझ्या कानाशी धुळाबांचा घरघरता श्वास चालू होता. तो माइकमध्ये जाऊ नये म्हणून मी जास्तच मोठ्यानं बोलत होते.

मग मनगटावरची पकड सैल झाली. त्यांनी माइककडे बोट केलं. मी तो त्यांच्या तोंडाजवळ नेला. आता ते गायले नाहीत, नुसतं बोलले. अगदी साध्या, रोजच्या आवाजात.

“म्हाळू, घरी येऊ नगं. म्या बरा हाय. पोरीच्या सुया पुऱ्या कर, मग ये. मायाक्का, सुई टोचताना रडायचं न्हाई बरं का.”

लाल दिवा विझला.

दवाखान्याच्या माणसांनी त्यांना नेलं तेव्हा ते स्वतः चालत गाडीपर्यंत गेले. माझ्या मनगटावर नखांचे ओरखडे होते आणि त्यांची लाळ लागली होती. मला आणि गफूरभाईंना त्याच संध्याकाळी इंजेक्शनं सुरू झाली. इनामदारांनी रात्री प्रसारण संपेपर्यंत दर तासाला सूचना दिली आणि दुसऱ्या दिवशीही दिली.

उत्तर मात्र आलं नाही. येणार तरी कसं? आम्ही बोलत होतो, पण पलीकडे कुणी आहे की नुसतं रान आहे, हे कळायला मार्गच नव्हता. पोलिसांचा फोन आला तो एवढाच, की अजून शोध लागलेला नाही.

शुक्रवारी इंजेक्शन घेऊन झाल्यावर मी धुळाबांना ठेवलं होतं तिकडे गेले. शेवटची, एका बाजूची खोली, खिडक्यांना कांबळी लावून अंधार केलेला. त्यांचे हात खाटेला बांधले होते. वस्तीवरून त्यांचा भाऊ आला होता, तो दाराबाहेर उकिडवा बसून होता. आत जाऊ देत नव्हते. मी दारातूनच हाक मारली. त्यांनी मान वळवली. ओळखलं.

“म्हाळूचा सांगावा आला?”

सकाळपासून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारत होते, असं परिचारिकेनं मला आधीच सांगितलं होतं.

“आला,” मी म्हटलं. “मायाक्काला दवाखान्यात नेलंय.”

“कोन म्हनलं?”

“पोलिसांचा फोन आला होता.”

ते माझ्याकडे बघत राहिले. अंधारात त्यांचे डोळे मला नीट दिसत नव्हते. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. शनिवारी दुपारी ते गेले. भावानं तिथंच, शहरातल्या स्मशानात सगळं उरकलं. वस्तीवर न्यायला दवाखान्यानं परवानगी दिली नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. रोज सकाळी दवाखान्यात जायचं, पोट उघडं करून झोपायचं, जाड सुई आत जायची आणि त्या वेदनेत मला एकच दिसायचं. घाटाची नागमोडी वाट, उतरत जाणारी मेंढरं, आणि त्यांच्यामागं नाचत चाललेली एक पोर. कार्यक्रमाला बसले की शब्द फुटेनात. गफूरभाई काचेतून खूण करायचे, मी सुरू करायचे आणि मध्येच थांबायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, “गफूरभाई, आपलं खरंच कुणी ऐकतं का हो?” ते टेप गुंडाळत राहिले.

सुट्टी घ्यावी असं मनात घोळत होतं, त्याच सुमारास एका दुपारी चौकीदार सांगत आला की फाटकाशी कुणी धनगर आलाय.

तिशीचा, उंच, काटक माणूस होता. खांद्यावर झोपलेली मुलगी, हातात गठुडं. चेहरा धुळाबांचाच. मला बघून त्यानं हात जोडले.

“तुमी गुरवारच्या बाई न्हवं?”

“म्हाळू?”

“व्हय.”

मी तिथल्याच बाकावर बसले. म्हाळू खाली पायरीवर टेकला, मुलीला त्यानं मांडीवर घेतलं. गार वाऱ्यात ती शांत झोपली होती. त्यानं सांगितलं, की त्या गुरुवारी दुपारी घाटाच्या तोंडाशी त्यांनी मेंढरं बसवली होती. सोनाबाई भाकरी थापत होती. रेडिओ लावला आणि बाचा आवाज आला. बाचं शेवटचं बोलणं कानावर पडलं आणि शेल उतरले, त्यामुळं नंतरच्या सूचना त्याला ऐकू आल्या नाहीत. मेंढरं सोनाबाईच्या आणि सोबत्यांच्या हवाली करून तो पोरीला घेऊन मागं फिरला. सुया पुऱ्या होईपर्यंत दवाखान्याच्या ओसरीतच दोघं राहिली. “कालच शेवटची झाली,” तो म्हणाला. “आता वस्तीवर जायचं. गाडी हितनंच बदलायची, म्हनून आलो.”

वस्तीवर पोचेपर्यंत त्याला कुणी सांगणार नव्हतं. मलाच सांगावं लागणार होतं. मी शब्द जुळवत होते.

“म्हाळू, धुळाबा…”

“बा गेला न्हवं?”

मी बघत राहिले.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“आमच्या दारात म्हस न्हाई, बाई,” तो म्हणाला. “कवाच नव्हती. रेडकू कुठनं मरंल?”

रस्त्यावरून एक गाडी गेली. तो मुलीच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून हात धरून बसला होता.

“तिथंच कळलं मला. रेडकू म्हनला आन् कळलं. काळ्या दोघांस्नीच चावला व्हता. सोनाबाई म्हनली, ‘मामंजीस्नी काय झालंय का? तुमी घराकडं जावा.’ म्या उठून उभा बी ऱ्हायलो. एक वाट घराकडं, एक दवाखान्याकडं. किती येळ उभा व्हतो कुनास ठावं.” तो थांबला. “मग बाच म्हनला की, घरी येऊ नगं.”

शेवटी कोण होतं जवळ, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. तुमचा निरोप आला, पोरीला दवाखान्यात नेलंय, असं मी त्यांना सांगितलं होतं, हेही सांगितलं.

“तवा आलता निरोप?”

“नाही.”

त्यानं मान डोलावली. मग मी म्हटलं, त्या सकाळची टेप आहे. थेट लागलं ते नाही, पण त्याच्या आधीचं त्यांचं बोलणं आहे. ऐकायचं असेल तर लावते. तो नको म्हणाला. पुन्हा कधीतरी येईन म्हणाला, सोनाबाईला घेऊन.

आमच्या बोलण्यानं मुलगी जागी झाली. डोळे चोळत तिनं माझ्याकडे बघितलं.

“मायाक्का, ह्या रेडिवच्या बाई,” म्हाळू म्हणाला.

तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मी कार्यक्रमाचं नाव घेऊन दोन वाक्यं म्हणून दाखवली, तेव्हा ती खुदकन हसली. मग बापाच्या मांडीवरून उतरून माझ्यापुढं उभी राहिली आणि झगा वर करून तिनं पोट दाखवलं. बेंबीभोवती निळे-काळे डाग होते, सुजेच्या गाठी होत्या.

“चौदा,” ती म्हणाली.

“मलाही टोचली तेवढीच.”

“तू रडलीस?”

“रडले.”

“म्या न्हाई रडले.” तिनं झगा खाली केला आणि बापाचा हात ओढला. “चला की आता. आज्ज्याला दावायचंय.”

म्हाळू गठुडं उचलायला वाकला आणि बराच वेळ तसाच वाकलेला राहिला.